एक गोळी, तीन दुकानं

आज सकाळी पाकीट हलवून पाहिलं तर थायरॉईडची गोळी उरलेली एकच. इंग्लंडात येऊन सात वर्षं झाली, तरी डोकं अजून पुण्यातच. रिकामी स्ट्रिप मेडिकलवाल्यासमोर धरायची, "काका, हीच द्या." संपलं काम.

इथे एनएचएसच्या (इथली सरकारी आरोग्यसेवा) अ‍ॅपवर मागणी टाकायची, जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, मंजूर करायची, मग ती परस्पर फार्मसीत जाते. आमच्या सर्जरीला (इथे दवाखान्याला सर्जरी म्हणतात) कामाचे दोन दिवस लागतात. मी शुक्रवारीच टाकली होती हो! फार्मसीवाली म्हणाली, "तुमच्या नावाचं काही आलं नाही." सर्जरीतली रिसेप्शनिस्ट म्हणाली, "आम्ही तर कालच पाठवलं."

दोघी खरंच बोलत होत्या. गेल्या महिन्यात घर बदललं, पण अ‍ॅपमध्ये फार्मसी जुनीच राहिली होती. गाढवपणा माझा.

मग बसने जुन्या फार्मसीत. पावसात. तिथे काउंटरवरच्या बाईने विचारलं, "पत्ता?" मी ऐटीत नवा सांगितला. तिने हातातली कागदी पिशवी पाहिली, मग मला पाहिलं, मग पुन्हा पिशवी. पिशवीवर जुना पत्ता! जन्मतारीख सांगितल्यावर सुटले.

पैसे मात्र शून्य. थायरॉईड कमी असणाऱ्यांना इथे पाच वर्षांचं सूट-प्रमाणपत्र मिळतं, नाहीतर एकेका औषधाला ९.९० पौंड. (वेल्समध्ये सगळ्यांनाच फुकट, असो.)

२८ गोळ्या घेऊन परतले. अ‍ॅपमधली फार्मसी बसमध्येच बदलली. सर्जरीत नवा पत्ता द्यायचा राहिलाय, तो उद्या.