फिरती खुर्ची, दीड आट्यावर

मे महिन्यात नागपूर 45च्या घरात तापतं, तेव्हा इकडे मिनेसोटात तळ्यांवरचा बर्फ जाऊन जेमतेम महिना झालेला असतो आणि गल्लीतल्या निम्म्या घरांसमोर बोटी धुणं चालू असतं. 10 एकरांहून मोठी 11,842 तळी या एका राज्यात आहेत. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर कणीस खात वाढलेल्या माणसाला पाण्यात उतरायची काय हौस? पण शेजाऱ्याने त्याची जुनी, 14 फुटी ॲल्युमिनियमची बोट स्वस्तात देऊ केली आणि मी फसलो.

तिच्यातली बाकं म्हणजे पत्र्याच्या बंद पेट्या. चार तास गळ टाकून बसलं की लाल एसटीच्या मागच्या सीटवरून अमरावती गाठल्यासारखी कंबर होते. म्हणून दोन फिरत्या खुर्च्या आणल्या, प्रत्येकीला चार स्क्रू पिळले, अर्ध्या तासात काम फत्ते. पुढच्या रविवारी मासा ओढला असं वाटून मागे रेललो. कर्रर्र आवाज आला आणि खुर्चीसकट मी दोन बाकांच्या मधल्या जागेत उताणा. मासाही नव्हताच, गवत होतं.

त्या रात्री आठला घरी व्हिडिओ कॉल केला, तिकडे सकाळचे साडेसहा. बाबा हिंगणा एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते. चहाचा कप हातात धरूनच त्यांनी उपटलेल्या भोकांचा पंचनामा केला. “काय करून राहिला बे तू? दीड मिलीमीटरच्या पत्र्यात आटे किती धरतात? एक, दीड! त्याच्यावर तू ऐंशी किलो टांगून राहिला?” मग हिशोब सांगितला. स्क्रूंच्या दोन रांगांत अंतर 5 इंच, पाठ टेकते ती 15 इंच वर. मागे 30 किलोचा रेटा दिला की पुढच्या दोन स्क्रूंना मिळून 90 किलोची ओढ. वजन खाली दाबतं ते पत्रा सोसतो. स्क्रूंना उपटते ती पाठीची ही पहार.

उपाय त्यांच्या मते सोपा: बोल्ट आरपार, खाली जाड पट्टी, मग नट. पण खालून हात जाणार कुठून? पेटीत फोम ठासलेला असतो, बोट पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून. तो काढून फेकला तर बोट राहते, भरवसा जातो. तळाला भोक पाडायचा तर विचारही नको. शेवटी बाकाच्या उभ्या बाजूला सहा इंची गोल झाकण बसवायचं ठरलं.

झाकणाची जागा कापली, मूठभर मूठभर फोम काढून बादलीत ठेवला. पट्टीसाठी दुकानात हिरवट प्लायवूड हातात घेतलं होतं, पण कीड लागू नये म्हणून त्यात तांब्याचं औषध मुरवलेलं असतं. ओलाव्यात ते ॲल्युमिनियमला खातं. परत ठेवलं. 5 मिलीमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी घेतली, पाव इंची स्टेनलेस बोल्ट, रुंद वॉशर, हादऱ्यांनी सैल न होणारे नायलॉक नट आणि भोकांत भरायला मरीन सीलंट. आपल्या नागपूरच्या लोहाओळीत हे सगळं दोन दुकानांत मिळालं असतं आणि वरून चहा.

भोकं पाडण्याआधी खुर्ची नुसती ठेवून गरगर फिरवून बघितली, ते बरं झालं. पाठ वल्ह्याच्या कडीला अडत होती. दोन इंच आत सरकवली. उंच खांबावरची खुर्चीही मिळते, ऐटदार दिसते, पण एवढ्या अरुंद बोटीत माणूस जितका वर बसेल तितकी बोट डुलणार. मी बुटकीच घेतली.

खरी कसरत नट लावताना. कोपरापर्यंत हात पेटीत, गाल गरम पत्र्याला चिकटलेला, आणि दिसत काहीच नाही. तिसरा नट दोनदा फोममध्ये हरवला. वरून पाना धरायला बायको होती, ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. शेवटी फोम जसाच्या तसा परत भरला, झाकण पिळलं.

बाबांना कॉल लावला. “हलवून दाखव.” पाठ दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. खुर्ची तसूभर हलली नाही, ट्रेलरवरची अख्खी बोट मात्र कुईकुई करायला लागली.

बाबा स्क्रीनच्या जवळ आले. “तो आवाज कशाचा हाय? ट्रेलरचे नट पाहिले का तू?”