तुम्ही विचारलंत म्हणून: घरचा फ्राइड राइस टेकआउटसारखा का होत नाही

"आम्ही पण सोया सॉस घालतो, पात घालतो, सगळं तेच घालतो, मग आमचा फ्राइड राइस त्या चायनीज टेकआउटसारखा का लागत नाही? तू नक्की कुठला सॉस वापरतेस?" हे मला इथे न्यू जर्सीतल्या मैत्रिणी विचारतात, पुण्याहून मामी फोनवर विचारतात, आणि लेकाचे मित्र जेवून गेले की त्यांच्या आया मेसेज करून विचारतात. दर वेळी घाईत अर्धंमुर्धं सांगून होतं, म्हणून आज बसून सगळं नीट लिहितेय.

सॉसचं आधीच सांगते, तिथे काही गुपित नाही. सगळी गोष्ट पाण्याची आहे. भातात पाणी, भाजीत पाणी, सॉसमध्ये पाणी, फ्रोजन मटारात तर बर्फच, आणि हे सगळं एकदम कढईत सुटलं की भात परतला जात नाही, वाफवला जातो. पाणी आटत नाही तोवर भाताचं तापमान 100 अंशांच्या आसपास अडकून राहतं आणि तो खमंग भाजका वास यायला 140-150 च्या पुढे जावं लागतं. टेकआउटचा एक दाणा बोटात धरून बघा, बाहेरून कोरडा असतो, दाताखाली किंचित चिवट लागतो, आत मऊ. घरी तोच दाणा बाहेरून ओला असतो, वर सॉस पितो, फुगतो आणि डावाला चिकटतो. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचत जातं, खरंच सांगते.

इथल्या बऱ्याच टेकआउटमध्ये काउंटरच्या मागेच स्वयंपाकघर दिसतं. पूर्व किनाऱ्यावरची ही छोटी दुकानं चालवणारी कितीतरी कुटुंबं चीनच्या फुजियान प्रांतातून, फूचौ शहराच्या आसपासहून आलेली आहेत, आणि पार्सल तयार होईपर्यंत त्यांचं काम बघत उभं राहणं मला फार आवडतं. भात मोठ्या डब्यातून थंडगार येतो. रिकामी कढई आधी धूर येईपर्यंत तापते, मग तेल, मग अंडं, ते फुलून येतं न येतं तोच भात, आणि आचारी डाव उलटा करून डावाच्या पाठीने भाताच्या गुठळ्या दाबून सुट्या करतो, ठेचत नाही हं, नुसता दाबून पुढे सरकवतो. सॉस भातावर कधीच ओतत नाही, कढईच्या वरच्या कडेवरून सोडतो, तिथे लोखंड सगळ्यात कोरडं आणि कडक तापलेलं असतं, चर्र आवाज येतो, सॉसमधलं पाणी तिथल्या तिथे उडून जातं आणि खाली भातापर्यंत पोचते ती नुसती चव आणि थोडासा जळका सुगंध. आणि तो तारेच्या कडीचा पांढरा कागदी डबा असतो ना, 1894 मध्ये शिकागोच्या फ्रेडरिक विलकॉक्स यांनी त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा तो कालवं न्यायला वापरायचे. एकाच कागदाची घडी असल्यामुळे खालून गळत नाही आणि वरच्या घड्यांच्या फटीतून वाफ बाहेर पडत राहते, त्यामुळे घरी येईपर्यंत भात घामेजत नाही. म्हणजे अगदी डब्यापर्यंत पाणी बाहेर काढायचंच काम चाललेलं असतं.

आता भात. तांदूळ इथे जॅस्मिन किंवा साधा अमेरिकन लांब दाण्याचा, भारतात असाल तर कोलम किंवा सोना मसुरी उत्तम. बासमती मी घेत नाही, परतताना दाणा मोडतो आणि त्याचा स्वतःचा वास मधेमधे येतो. इंद्रायणी आणि आंबेमोहोर तर वरण-तुपासाठी राखून ठेवा, त्यांचा चिकटपणा हाच त्यांचा गुण आहे. तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुवायचा आणि कृपा करून कुकरला शिट्ट्या देऊन शिजवायचा नाही. भरपूर पाण्यात उकळा, दाणा शिजला पण मोडत नाही अशा वेळी वेळून घ्या, कोकणात पेज काढून भात करतात तसा. मग लगेच परातीत पसरायचा, आणि पंख्याखाली अर्धा तास.

इथे सगळे अडवतात, की अगं पण भात शिळाच लागतो ना? अर्धं खरं आहे. थंड झालेल्या भातात स्टार्च पुन्हा घट्ट बसतो, दाणा कडक होतो, म्हणून परतताना मोडत नाही, आणि फ्रिजमध्ये उघडा ठेवला तर वरचं पाणीही सुकतं. पण रात्रभर झाकण लावून ठेवलेला शिळा भात आतल्या आत ओला राहतो, त्यापेक्षा आत्ता शिजवून पंख्याखाली सुकवलेला भात कितीतरी चांगला परतला जातो. भात कोरडा हवा, शिळा असलाच पाहिजे असं नाही. फोडणीचा भात करणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाताला हे माहीत असतं, हात ओला करून भात मोकळा करताना तो किती सुटतोय त्यावरून ती तेल कमीजास्त करते, फक्त ते शहाणपण आपण चायनीज करायला घेतलं की विसरतो आणि पाकिटावरची कृती वाचत बसतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते आणि इथे मी कुणाचं ऐकणार नाही. भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असतो, त्याचे बीजाणू तांदळात आधीपासून असू शकतात आणि शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा कितीही कडक परतलं तरी जात नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये चायनीज टेकआउटच्या फ्राइड राइसमुळे लोक आजारी पडले तेव्हा हे नीट समजलं, तिथे उकडलेला भात बाहेरच ठेवून दुसऱ्या दिवशी परतायचे. त्यामुळे पसरून गार झाला की तासाभरात, फार तर दोन तासांत फ्रिजमध्ये. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतात, यात चालढकल नको.

आता आच. दुकानातल्या त्या भट्टीसारख्या बर्नरची ताकद 100000 बीटीयू (हे आचेचं माप) आणि त्याहून जास्त असते, आपल्या घरच्या मोठ्या बर्नरची 15000 च्या आसपास. हा फरक कुठल्याही युक्तीने भरून निघत नाही आणि नाही निघाला तरी चालतो, फक्त त्यांचं बघून त्यांच्यासारखं करायला जाऊ नका. सगळ्यात जास्त घोळ कढई उडवण्याने होतो. 2020 मध्ये इथल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी आचाऱ्यांचे व्हिडिओ बघून अभ्यास केला, भात उडवायची एक फेरी साधारण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात होते असं त्यांना दिसलं. एवढ्या वेगाने का, तर खालची आग इतकी भयंकर आहे की दाणा कढईला टेकून राहिला तर जळेल, म्हणून त्याला सारखा हवेत ठेवायचा. उडवणं हा त्यांच्या आगीवरचा उपाय आहे आणि आपल्याकडे ती आगच नाही. आपण गॅसवरून कढई उचलली की ती गार व्हायला लागते, आणि गार कढईत पुन्हा पाणी साचतं. त्यामुळे घरी उलट करायचं. भात पसरून वीस-तीस सेकंद हात लावायचा नाही, खालून कडकड आवाज यायला लागला की उलथन्याने परतायचं, पुन्हा पसरायचं, पुन्हा थांबायचं. हे थांबणं लोकांना जमत नाही, सारखं ढवळावंसं वाटतं, पण भाजका वास त्या थांबण्यातच येतो.

आणि एका वेळी दोन वाट्या शिजलेला भात, जास्त नाही. चार वाट्या घातल्या की कढई थंड पडते आणि मग दहा मिनिटं परता नाहीतर पंधरा, होतो तो मऊ सोया-भात. कढई लोखंडी, सपाट बुडाची असेल तर सगळ्यात छान, आईकडची पोळ्यांची जुनी बिडाची तवाकढई असेल तीही चालेल, नॉनस्टिक मात्र रिकामं कडक तापवायचं नसतं म्हणून ते नको. इथल्या अपार्टमेंटमध्ये कॉइलची शेगडी असते, तिच्यावरही होतो, फक्त तापायला वेळ द्या, एक्झॉस्ट आधीच लावा आणि खिडकी उघडा, नाहीतर स्मोक अलार्म ठणाणा करतो.

माझा क्रम असा. दोन वाट्या भाताला एक-दोन अंडी. कढई तापली की तेल, अंडी, मोठे मोठे तुकडे होतील असं हलवून लगेच बाहेर काढायची. मटार-गाजर वेगळं परतून पाणी पूर्ण आटवून तेही बाहेर, मटार आधी पाण्याखाली धरून बर्फ काढून कपड्यावर टिपून घ्या, हे टाळू नका. मग कढई पुन्हा तापवून तेल, कांद्याचे जाड तुकडे, भात, आणि वर सांगितल्यासारखं थांबत थांबत परतणं. भात खडखडीत झाला की मीठ, पांढरी मिरपूड पाव चमचा, साखर चिमूटभर, आणि मग अंडी-मटार परत आत. सॉस सगळ्यात शेवटी, तोही कडेने, एक मोठा चमचा लाइट सोया आणि अर्धा छोटा चमचा डार्क. इथल्या टेकआउटचा तो तपकिरी रंग डार्क सोयाचा असतो, चव लाइट सोया आणि मिठाची. रंग येईना म्हणून लाइट सोया ओतत गेलात की भात खारट होतो आणि शिवाय ओला. गॅस बंद करून तिळाच्या तेलाचे चार थेंब आणि पात. झालं.

अजिनोमोटो घालू का, हे सगळ्या जणी आवाज खाली करून विचारतात. मी घालते, दोन चिमटी, आणि उघडपणे घालते. 1908 मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सूपमधून ही चव वेगळी काढली, अजिनोमोटोतलं ग्लुटामेट टोमॅटोत, जुन्या चीजमध्ये आपसूक असतंच. भीती पसरली ती 1968 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका पत्रामुळे, चायनीज हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं असं लिहिलेलं. पुढे लोकांना न सांगता देऊन तपासण्या केल्या त्यात तसं सातत्याने काही दिसलं नाही, आणि इथल्या एफडीएच्या यादीत ते मीठ-साखरेसारखं सुरक्षित मानलं जातं. पण त्या एका पत्राने चिनी स्वयंपाकाला जो डाग लावला तो अजून गेलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. इटालियन हॉटेलात चीज खाताना कुणी हा प्रश्न विचारत नाही.

पुण्या-मुंबईच्या गाडीवरचा हवा असेल तर पदार्थच वेगळा आहे, तोही मला प्रिय आहे पण त्याच्यात आलं-लसूण, हिरवी मिरची, व्हिनेगर, फरसबी, कोबी. कोबी आणि सिमला मिरची प्रचंड पाणी सोडतात, म्हणून ती अगदी बारीक चिरून आधी एकटीच कडक परतायची, गाडीवाल्याच्या भट्टीला ती एका झटक्यात होते, आपल्याला तीन मिनिटं लागतील. व्हिनेगर सॉससारखंच कडेने. शेजवान चटणी घालणार असाल तर आधी तेलात परतून तिचं तेल सुटू द्या.

आणि वीस जणांसाठी करायचाय, मग काय करू? दोन दोन वाट्यांचे घाणे काढा, दुसरा उपाय नाही. भात आदल्या दिवशी शिजवून, भाज्या सकाळी परतून, सॉस वाटीत मोजून ठेवला की एक घाणा चार-पाच मिनिटांत होतो, दोन कढया लावल्यात तर तासाभरात मोठा ट्रे भरतो. प्रत्येक घाणा ट्रेमध्ये पसरून घाला, ढीग करू नका, आणि अॅल्युमिनियमची फॉइल घट्ट दाबून बसवू नका, एक कोपरा उघडा ठेवा. पात मात्र तिथे पोचल्यावरच घाला.