हेडिंगमधलं आमचं नाव
"तू त्या वस्तीत राहतेस? भीती नाही वाटत?" आज ऑफिसमधल्या नवीन मुलीने विचारलं, अगदी काळजीने विचारलं म्हणून राग पण नाही आला. कधी आलीयस का तिकडे म्हटलं तर म्हणाली, "नाही गं, पण बातम्यांत सारखं नाव येतं ना."

सारखं नाव येतं. हे डोक्यातून जाईचना.

घरी येऊन जुन्या बातम्या काढून बसले. चोरी झालेली भलतीकडेच, पण पकडलेला मुलगा आमच्या वस्तीतला म्हणून हेडिंगमध्ये आमचं नाव. आणि तशीच चोरी चांगल्या म्हणवणाऱ्या भागात झाली की नुसतं 'शहरात घरफोडी'. आमच्या इथे अभ्यासिका सुरू झाली, पोरं रात्री अकरापर्यंत बसतात तिथे, त्याची एक ओळ नाही कुठे.

जॉर्ज गर्बनर या अभ्यासकाने १९७० च्या दशकात मांडलं होतं की जास्त टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक वाटायला लागतं. इथे तर जग पण नाही, चार गल्ल्या आहेत आमच्या, आणि पत्ता सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदललेला बघितलेली कितीतरी पोरं मला माहितीयेत.

तिला रविवारी घरी बोलावलंय. येईल ना?