पात्रता प्रमाणपत्राने खाल्लेलं पहिलं सत्र

पत्रकारितेच्या एमएला नवीन मुलं आली की मी आधी एकच विचारते, "मायग्रेशन, म्हणजे जुन्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र, काढलंस का?" बातमी कशी लिहायची, कॅमेरा कसा धरायचा, हे विभागात शिकवतात. कागदांचं मात्र कुणी सांगत नाही, आणि माझं अख्खं पहिलं सत्र त्यातच गेलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझं बीए गावाकडे झालं आणि एमएसाठी मी पुण्यात आले. प्रवेश परीक्षा, मुलाखत, फी, हॉस्टेल, सगळं पटापट उरकलं. पण विद्यापीठ बदललं की प्रवेश तात्पुरता असतो. नव्या विद्यापीठाचा पात्रता विभाग आधीची पदवी तपासतो, त्यासाठी जुन्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र मागतो, आणि ते जमा होईपर्यंत पात्रता कायम होत नाही. आम्हाला परीक्षेला बसू दिलं, पण पात्रता नसेल तर निकाल राखून ठेवू, असं आधीच बजावलं होतं.

जुन्या विद्यापीठाकडे ऑनलाइन अर्ज केला, पैसे भरले, पावती आली. त्यानंतर संकेतस्थळावर 'प्रलंबित' हा एकच शब्द. फोन कुणी उचलत नव्हतं. शेवटी रात्रीच्या एसटीने गेले. खिडकीवरच्या बाईंनी माझी कागदपत्रं उलटसुलट पाहिली आणि आईच्या नावावर बोट ठेवलं. बारावीच्या गुणपत्रिकेत 'सुनीता'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'आय' होता, पदवीच्या गुणपत्रिकेत दोन 'ई'. मी भरलेल्या प्रत्येक अर्जात स्पेलिंग बारावीप्रमाणेच आहे, त्या अर्जांच्या प्रती माझ्याकडे आहेत. चूक त्यांच्या टायपिंगची होती. तरी दुरुस्ती मीच करून आणायची!

"कॉलेजचं पत्र आणा," बाई म्हणाल्या. कॉलेजात गेले तर हेडक्लार्क म्हणाले, "विद्यापीठाने आधी दुरुस्ती करू दे, मग आम्ही पत्र देतो." परत विद्यापीठात. तिथे साहेब मीटिंगला. नंतर फाइल दुसऱ्या टेबलावर. नंतर सही राहिलेली. मग, "दिवाळीनंतर या, मॅडम." इकडे पुण्यात माझ्या वर्गातली मुलं विभागाच्या प्रायोगिक अंकासाठी महापालिकेच्या बातम्या करत होती आणि मी एसटी स्टँडवर बसून प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहीत होते. वडिलांनी शेतातली कामं सोडून दोनदा माझ्यासाठी हेलपाटे घातले, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

वाट दाखवली ती आवक-जावकच्या टेबलावरच्या एका मावशींनी. म्हणाल्या, "पोरी, तोंडी बोललेलं इथं कुणाच्या लक्षात राहत नाही. लेखी दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घे, आवक क्रमांक टाकून घे." मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. सोबत बारावीची गुणपत्रिका, आईचं आधार, माझ्या परीक्षा अर्जाची प्रत जोडली. शिक्का बसलेली ती पोच हातात आली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आता ही गोष्ट कुणी नाकारू शकणार नाही.

तरी फाइल हललीच नाही. मग माध्यम कायद्याच्या तासाला शिकलेलं वापरलं. माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज टाकला, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो. 'माझं काम का झालं नाही' असं विचारू नका, त्याला उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही. मी विचारलं: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर काय कार्यवाही झाली, आणि टिपणीच्या प्रती द्या. उत्तराला कायद्याने 30 दिवस असतात, नाही आलं तर प्रथम अपील करता येतं. मला अपिलापर्यंत जावं लागलं नाही. मुदत संपायच्या आतच दुरुस्त गुणपत्रिका आणि मायग्रेशन स्पीड पोस्टाने हॉस्टेलवर आलं. तो लिफाफा फोडताना मी रडले. आणि अभिमानही वाटला, कारण कुणाच्या ओळखीने नाही, अर्जाने काम झालं.

जाताजाता आठवतंय ते सांगते. मराठी टायपिंग पहिल्याच महिन्यात बसवा. युनिकोडमध्ये इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिका, मोबाइलवर बोलून लिहिण्याची सवय डेस्कवर कामाला येत नाही. कॅमेरा विभागाचा असला तरी मेमरी कार्ड स्वतःचं ठेवा आणि नोंदवहीत सही करण्याआधी लेन्स बघून घ्या. छापून आलेलं प्रत्येक कात्रण तारखेसकट जपा, इंटर्नशिपला तेच मागतात. इंटर्नशिपचं पत्र विभागाकडून सुट्टी लागायच्या आधी घ्या, नंतर सही करायला कुणी जागेवर नसतं.

आणि हो, मायग्रेशन जमा करण्याआधी स्कॅन करून ठेवा, मूळ प्रत परत मिळत नाही. बीएचा शेवटचा निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज करा, आणि त्याआधी बारावीची आणि पदवीची गुणपत्रिका शेजारी ठेवून आईवडिलांच्या नावाचं अक्षर न् अक्षर ताडून बघा. माहिती अधिकाराच्या अर्जाचा माझा मसुदा जपून ठेवलाय. कुणाचं अडलं असेल तर मागा, लगेच पाठवते.