तुम्ही विचारलंत म्हणून: विद्यार्थी पाठवायचे तर पैसे कशाला?

"ताई, तुमची संस्था सेवाभावी ना? मग आमचे विद्यार्थी पाठवायचे तर पैसे कशाला?"

प्राध्यापक हे फोनवर विचारतात, जरा चाचरत. कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी सांभाळणारे सीएसआरवाले बैठकीत विचारतात, अजिबात न चाचरता. मागच्या दिवाळीत फराळाच्या ताटावर माझ्या मावसभावाने विचारलं, "तुम्ही लोकांनी आता गरिबीचंही तिकीट लावलं का?" त्याला मी चकली वाढली. तुम्हाला मात्र नीट लिहून सांगते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन, माझा घसा वाचेल.

आधी दर, कारण त्याबद्दल अफवाच जास्त. संशोधन इंटर्नशिपसाठी ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या आमच्या पाड्यांवर विद्यार्थ्यांचा गट येणार असेल, तर त्या गटामागे कॉलेजने किंवा त्यांच्या भागीदार कंपनीने पंधरा हजार रुपये द्यायचे. त्यातला मोठा वाटा विहिरींची पातळी वर्षभर मोजणाऱ्या मुलीचा. उरलेल्यात मुलं ज्या घरी राहतात-जेवतात त्या घराचे पैसे, जीपभाडं आणि मराठी अहवालाच्या झेरॉक्स. शिवाय दोन अटी. जे काही सापडेल ते कॉलेजातल्या तोंडी परीक्षेच्या आधी ग्रामसभेत मराठीत सांगायचं. आणि पाड्यावर घेतलेल्या नोंदी पाड्याच्या. त्या कुणी गोपनीय ठरवायच्या नाहीत. गंमत अशी की पैशांवर सगळे बोलतात, पण गाडी अडते ती या अटींवर.

२०२३ पासून फोन फार वाढले. नवीन शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग आलं. एमए-एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी चार क्रेडिटचं. एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे १२० तास. बीए-बीएस्सीला फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट वेगळं. कागदावर मला हे सगळं मान्य आहे; मुलांनी वर्गाबाहेर पडावं असं मी पूर्वीपासून म्हणत आलेय. पण एका तालुक्यात संस्था किती, त्यातल्या खरोखर काम करणाऱ्या किती आणि १२० तास भरायचे असलेली मुलं किती? मग फोन येतो, "ताई, यायला जमणार नाही, नुसतं सर्टिफिकेट मिळेल का?" हे विचारणाऱ्या मुलांवर मी चिडत नाही. त्यांच्यामागून त्याच विनंतीसाठी सरांचा फोन येतो, तेव्हा चिडते.

आता कॅनडा. हो, कॅनडासुद्धा मला ऐकवून झालाय. एका विद्यापीठातले सर म्हणाले, "तिकडे मायटॅक्स म्हणून संस्था आहे, १९९९ पासूनची. विद्यार्थी चार महिने भागीदाराकडे संशोधन करतो, त्याचे पंधरा हजार डॉलर, त्यातले निम्मे भागीदार घालतो. ना-नफा संस्थासुद्धा घालतात. म्हणजे खरं तर तुम्हीच आम्हाला द्यायला हवेत." मी म्हटलं, सर, आमचेही पंधरा हजारच आहेत, फक्त रुपये आहेत आणि उलट्या दिशेने आहेत. त्यांना विनोद आवडला नाही. पण मुद्दा खरा आहे. भागीदार पैसे घालतो, कारण प्रश्न त्याचा असतो. कंपनीला तिच्या यंत्राचं काहीतरी शोधून हवं असतं, ती मोजते. आमच्याकडे मुलं विषय घेऊन येतात. बहुतेकदा तो मार्गदर्शकांच्या पेपरचा असतो, आणि पाडा हे त्या पेपरातलं 'अभ्यासक्षेत्र'. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात विद्यापीठांनी विज्ञानाची दुकानं काढली. वस्तीने, कामगारांच्या गटाने आपला प्रश्न घेऊन यायचं, ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना फुकट, विद्यार्थी उत्तर शोधणार. तसलं दुकान इथे कुणी उघडलं तर माझी पावतीबुकं मी त्याच दिवशी बंद करीन. आपल्याकडे काहीच नव्हतं असंही नाही. मुंबई आयआयटीचं सितारा हे केंद्र १९८५ पासून ग्रामीण प्रश्नांवर काम करतंय, त्यांचे एमटेकचे विद्यार्थी गावात आठवडेच्या आठवडे राहतात. जिल्ह्यातल्या कॉलेजांनी जिल्ह्याचेच प्रश्न अभ्यासावेत ही उन्नत महाराष्ट्र अभियानाची कल्पना मला आजही पटते. पण मला फोन करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना यातलं काही वाचायची गरज वाटलेली असते.

आणि वेळापत्रक! मुलं येतात मे महिन्यात, कारण सुट्टी तेव्हा असते. तेव्हा अर्धा पाडा भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर असतो. दिवाळीनंतर गेलेली माणसं पाऊस तोंडावर आल्याशिवाय परतत नाहीत. मग सर्वेक्षणात म्हाताऱ्याकोताऱ्या आणि कुलपं. पाण्याचा अभ्यास तर मे महिन्यात होऊच शकत नाही. विहीर आटलेली आहे हे बघायला एमटेक कशाला हवं? ती दसऱ्याला किती भरलेली होती, संक्रांतीला किती उतरली, होळीला रात्रभरात पाणी किती चढलं, यावरून काहीतरी कळतं. त्यासाठी दर आठवड्याला टेपला खडू लावून विहिरीत सोडणारं माणूस गावातलंच लागतं, वर्षभर लागतं. ते माणूस फुकट का राबेल? प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये आली तेव्हा मोठ्या कंपनीत बसणाऱ्या मुलाला महिन्याला पाच हजार ठरले. विहिरीच्या काठावर उन्हात उभी राहणारी ती मात्र 'स्वयंसेवक'.

इथपर्यंतचं मी कुणालाही शांतपणे सांगू शकते. पुढचं सांगताना आवाज चढतो, म्हणून ते शक्यतो टाळते.

काही वर्षांपूर्वी एक कंपनी, एक इंजिनिअरिंग कॉलेज आणि आम्ही असं तिघांचं काम ठरलं होतं. नावं लिहीत नाही. त्यांच्या जागी दुसरे असते तरी फारसं वेगळं घडलं नसतं. कंपनीला एका पाड्यावर सौर पंप, टाकी आणि नळकोंडाळी करून द्यायची होती. कॉलेजची दोन मुलं त्यावर संशोधन करणार, प्रकल्पाचा अहवाल तोच त्यांचा प्रबंध. पाड्यातली एक मुलगी, बारावी झालेली, माझ्या सांगण्यावरून दसऱ्यापासून विहीर मोजत होती. दोनशेपानी वही, पहिल्या पानावर स्वस्तिक. पैसे काही ठरलेले नव्हते. फेब्रुवारीत मुलं आली आणि ती वही बघून हरखली. मुलं चांगली होती, हे आवर्जून लिहिते. एकजण अकोल्याकडचा, टँकर म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं नाही.

त्यांनी हिशेब मांडला तो असा. विहीर चार मीटर व्यासाची. मार्चमध्ये रात्रभरात पाणी चढायचं वीतभर, म्हणजे जेमतेम पावणेतीन हजार लिटर. दिवसाचं तेवढंच धरा, झाले साडेपाच हजार. पाड्यात माणसं तीनशेच्या आसपास. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरने लागतात १६,५००. म्हणजे मार्चमध्ये ही विहीर गरजेच्या एक तृतीयांश पाणी देते, आणि पंप तेवढं अर्ध्या तासात उपसून टाकणार. पुढे एप्रिल आहे, मे आहे. मुलांचं म्हणणं होतं की खालच्या नाल्याकाठची विहीर घ्या, ती टिकते. पाइप जास्त लागेल, पंप मोठा लागेल, खर्च वाढेल. नाहीतर याच विहिरीवर करा, पण उन्हाळ्यात टँकर लागणारच, हे आधी सांगून करा.

एप्रिलमध्ये कंपनीच्या कार्यालयात सादरीकरण झालं. मी त्या मुलीला आणि पाणी समितीतल्या एका बाईंना घेऊन गेले. सगळं इंग्रजीत. एसीने आमच्या बाई कुडकुडत होत्या, त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. आलेख आले, फोटो आले, या मुलीचा टेप धरलेला फोटोही आला. मार्चचा हिशेब आला नाही. मी विचारलं. मुलांनी सरांकडे पाहिलं, सरांनी अधिकाऱ्यांकडे. अधिकारी अगदी नम्रपणे म्हणाले की पंपाची ऑर्डर आर्थिक वर्षाच्या आत गेलेली आहे आणि तो डेटा अंतर्गत वापरासाठी आहे. बाहेर आल्यावर सरांनी सांगितलं की कॉलेज आणि कंपनीच्या करारात गोपनीयतेचं कलम आहे, कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय अहवाल बाहेर देता येत नाही. त्या करारावर आमची सही नव्हती, पाड्याची तर नव्हतीच. आमचं नाव शेवटी, 'सहकार्य' या मथळ्याखाली.

१ मेच्या ग्रामसभेत पंपाचा विषय निघाला. मुलं आली नाहीत, परीक्षा होती म्हणे. मी म्हटलं की अहवाल झालाय, पण दाखवता येत नाही. कुडकुडलेल्या त्याच बाई उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्याच हिरीचं पानी, आमच्याच पोरीनं मोजलं, नि आमालाच नाय सांगायचं?" मला उत्तर नव्हतं. मग ती मुलगी उभी राहिली आणि वहीतून एकेक आठवडा वाचू लागली. तारीख, किती फुटांवर पाणी. चारपाच नोंदी झाल्या असतील. मागून कुणीतरी म्हणालं, "तुझी वही कोण मानणार? इंजिनिअरचा रिपोर्ट आण." लोक हसले. ती बसली. रिपोर्टमध्ये तिचीच वही होती, हे मी ओरडून सांगितलं, पण तोवर विषय घरकुलांच्या यादीवर गेला होता.

पावसाळ्याच्या आधी पंप बसला, फीत कापली गेली. पुढच्या जानेवारीअखेर तो हवा ओढायला लागला. पाड्यात दोघातिघांनी तिलाच ऐकवलं की तुझ्या तोंडामुळे झालं.

ही गोष्ट कधी सांगितलीच, तर इथे नेहमी एक टाळी येते, विशेषतः शहरात, आणि मला ती नको असते. कारण पंपाने पाऊस ते जानेवारी पाणी दारात आलं. त्या सात-आठ महिन्यांत डोक्यावरचा हंडा उतरला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सगळे आकडे मराठीत वाचून दाखवले असते तरी ग्रामसभेने कदाचित हाच पंप, याच विहिरीवर मागितला असता. खालच्या विहिरीची वाट बघायला कुणाला वेळ होता? ज्या तालुक्यातून तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, तिथल्या माणसांना 'थोडं थांबा, नीट करू' हे वाक्य कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणजे माझा राग पंपावर नाही. तो निर्णय पाड्याने आकडे हातात घेऊन करायला हवा होता, एवढंच. अकोल्याच्या मुलाचा नंतर फोन आला होता. "ताई, फाइल माझ्याकडे आहे, पण..." मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. त्याची पदवी अडकली असती.

त्या वर्षानंतर दर आला आणि अटी आल्या.

पूर्वीची मी याच्याशी भांडते, हेही सांगून टाकते. मी स्वतः याच तालुक्यात समाजकार्याच्या पदवीच्या (एमएसडब्ल्यू) फील्डवर्कला आले तेव्हा माझ्याकडून कुणी काही घेतलं नव्हतं. ज्या घरी राहायचे तिथल्या आजी मला नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढायच्या, आणि मी ती 'आदिवासींचं आदरातिथ्य' म्हणून डायरीत लिहून ठेवायचे. तेव्हाची ती पोरगी, म्हणजे मीच, आज मला विचारते, तेव्हा दर असता तर तू आली असतीस का? नसते आले. वडिलांची गिरणी नुकतीच बंद झाली होती. मग? मग काही नाही. तिला माझ्याकडे उत्तर नाही, आणि दर मी उतरवलेला नाही.

तालुक्यातल्या कला-वाणिज्य कॉलेजच्या मुलांकडून आम्ही काही घेत नाही. ती याच पाड्यांवरची, त्यांनी कुणाला आणि का द्यायचे? यावर मुंबईच्या एका मॅडम म्हणाल्या, हा भेदभाव झाला. झाला. पण त्यांच्याकडचीही काही मुलं खोली भाड्याने घेऊन एकवेळ जेवून शिकतात हे त्यांनी सांगितलं, तेव्हा मी त्या गटाचे निम्मे केले, आणि नंतर दोन कॉलेजांनी तोच दाखला देऊन निम्म्यासाठी घासाघीस केली. त्यातल्या एकाच्या आवारात नवीन सभागृह झालंय.

पाड्यावरही सगळं गोड नाही. पैसे सुरू झाल्यापासून मोजणाऱ्या मुलीच्या जावा-नणंदा विचारतात की हिलाच का? पाळी लावून बघितलं, नोंदी चुकायला लागल्या, परत तिच्याकडे दिलं. ग्रामसभेत मराठीत सांगायच्या अटीमुळे दोन कंपन्या गेल्या, आणि त्यातल्या एकीचा प्रकल्प खरोखर चांगला होता. हे मला ऐकवायची गरज नाही, मला रात्री आपोआप आठवतं.

तर, पैसे का, याचं उत्तर हे. तुमच्या कॉलेजला दर परवडत नसेल तर बोला, त्यावर बोलता येतं, अटींवर नाही. आणि येणार असाल तर मेचा नाद सोडून दसऱ्याच्या आधी कळवा. यंदा मोजणाऱ्या मुलीनेच मानधन वाढवून मागितलंय, म्हणाली, मुंबईची मुलं माझ्या वहीवर पास होतात. रक्कम तिने सांगितली आहे. ती कुणाच्या माथी मारायची, हे अजून ठरलेलं नाही.