कथा अडकते, कविता फिरतात

रविवार, रात्री

आज नवं काही लिहायचं नाही, तयार आहे ते पाठवायचं, असं ठरवून बसले. ही निव्वळ कारकुनी. काही मासिकं लेखकाचं नाव न बघता वाचतात, त्यामुळे प्रत्येक पानावरून नाव खोडा, शब्द मोजा, सोबतचं पत्र दोन ओळींत उरका. पत्रात कथा समजावून सांगायची नसते, हे मात्र मला बरं वाटतं. कथेनंच काय ते बोलावं.

उद्याचं आकाश दाखवणाऱ्या विहिरीची कथा आठ हजार शब्दांच्या आसपास रेंगाळतेय. विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्काराच्या हिशेबात ७,५०० च्या खाली लघुकथा, म्हणजे ही धड इकडची ना तिकडची. विहीर आटते तो प्रसंग कापला तर बसेल. पण कापणार नाही. कथा त्या प्रसंगासाठीच तर लिहिली!

कवितांचं बरं असतं. तीन-चार एकत्र पाठवायच्या, आणि बरीच मासिकं त्या एकाच वेळी दुसरीकडे पाठवू देतात. एखादी कुठे घेतली, की बाकीच्यांना लगेच कळवायचं, एवढंच पथ्य. विज्ञानकथेच्या मासिकांत कथेला बहुधा ही मुभा नसते. एकाकडून 'साभार परत' आल्याशिवाय दुसरं दार ठोठावता येत नाही. काही दिवसांत उत्तर देणाऱ्यांनी ही अट घालावी, माझी ना नाही. पण सहा-सहा महिने कथा अडकवून ठेवायची आणि वर हीच अट? ही मुजोरी झाली.

संपादकांची बाजू दिसत नाही असं नाही. २०२३च्या फेब्रुवारीत यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतलेल्या कथांचा एवढा लोंढा आला, की 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञानकथेच्या मासिकाला कथा स्वीकारणंच काही काळ थांबवावं लागलं. त्या ढिगातून माणसाची कथा शोधायची म्हणजे डोळे फुटायची वेळ.

मैत्रीण म्हणते, एवढा कुटाणा कशाला, कविता टाक की फेसबुकवर. पण टाकली की ती 'प्रकाशित' झाली. मग प्रथम प्रकाशनाचा हक्क मागणारी बहुतेक मासिकं तिला हात लावत नाहीत. मैत्रिणीला हे पटत नाही, आणि वाचक लगेच मिळतात हे तिचं म्हणणं मला खोडता येत नाही.

विहिरीची कथा शेवटी नावाजलेल्या मासिकाकडे न पाठवता लवकर उत्तर देणाऱ्याकडे पाठवली. कविता तीन ठिकाणी गेल्या. कुठली कुठे, ते वहीत आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या घोळ ठरलेला.