३८ की ३२? कॅपमधली एक दुपार

कॅपला (विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्राला) जाऊन पेपर तपासणं आमच्यात कोणालाच आवडत नाही, मे महिन्यातलं पुणं, डोक्यावर खडखडणारा पंखा, बंडल संपता संपत नाही आणि सगळ्यांची उत्तरं एकाच गाइडमधून उतरलेली, कॉमाच्या चुकांसकट. पण यंदाची एक दुपार भारी होती.

एस.वाय.चा बायोकेमिस्ट्रीचा पेपर. प्रश्न ५ मार्कांचा: ग्लुकोजच्या एका रेणूपासून एकूण किती एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात ते हिशोबासकट लिहा. मॉडेल आन्सरमध्ये ३८. माझ्या शेजारी एक नवीन मुलगी, लेक्चरर म्हणून पहिलंच वर्ष, तिने उत्तरपत्रिका माझ्याकडे सरकवली, "मॅडम, इथे ३२ लिहिलंय, कापू का?"

वाचलं तर काय, पोराने (किंवा पोरीने, बारकोडवरून काय कळणार) अख्खा हिशोब मांडला होता. ग्लुकोज मोडताना निघालेले इलेक्ट्रॉन एनएडीएच आणि एफएडीएच२ हे रेणू वाहून नेतात, पहिले १० आणि दुसरे २. जुना हिशोब असा की एका एनएडीएचमागे ३ एटीपी, एफएडीएच२ मागे २, म्हणजे ३० अधिक ४ आणि थेट मिळणारे ४, झाले ३८. इलेक्ट्रॉन ज्या साखळीतून जातात तिच्यात एटीपी बनवणाऱ्या ठरावीक जागा आहेत आणि प्रत्येक जागी एकेक अख्खा एटीपी बनतो, असं तेव्हा धरलेलं होतं. पण पीटर मिचेलने १९६१ साली सांगितलं की तसं नाही, आधी प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात आणि ते परत येताना एटीपी बनतो (आधी फार कोणी ऐकलं नाही, १९७८ ला नोबेल मिळालं). मग आकडा पूर्णच असला पाहिजे असं कुठाय? एका एनएडीएचमागे १० प्रोटॉन बाहेर जातात, एका एटीपीला फॉस्फेट आत आणायचा खर्च धरून ४ लागतात, म्हणून अडीच. एफएडीएच२ चे ६, म्हणून दीड. २५ अधिक ३ अधिक ४, झाले ३२. शिवाय खाली एक ओळ, "ग्लिसरॉल फॉस्फेट शटल असेल तर ३०" (शटल म्हणजे बाहेरचे इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियात, पेशीच्या ऊर्जाघरात, पोचवायची वाट; या वाटेने दोन एटीपी कमी पडतात). मी म्हटलं कापतेस कसली, याला पाचपैकी पाच दे.

अडचण एकच होती. मॉडरेटर म्हणून समोर बसलेले सर म्हणजे ज्यांच्या पुस्तकावर आमच्या अख्ख्या बॅचने बीएस्सी केलं ते सर. अप्पा बळवंत चौकात नुसतं आडनाव सांगितलं तरी दुकानदार पुस्तक काढून द्यायचा. आणि त्या पुस्तकात ३८ आहे. मी उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले तशी आजूबाजूची पेनं थांबली, लोकांना काय, फुकटची करमणूक.

सरांनी चष्मा वर करून सगळं उत्तर वाचलं. मग म्हणाले, "अगं, मी एका आवृत्तीत ३२ केलं होतं."

हे मला माहीतच नव्हतं. पहिल्यांदा पुस्तक लिहिलं, प्रॅक्टिकलं उरकून संध्याकाळी डिपार्टमेंटमध्येच बसून, तेव्हा त्यांच्या हाताशी होती त्या पुस्तकांत ३६ (जुन्याच हिशोबाने, पण त्या शटलसकट) नाहीतर ३८ च असायचं. नंतर आकडा बदलला तर कॉलेजांतून तक्रारी आल्या, मुलांनी ३२ लिहिलं आणि मार्क गेले, कारण मॉडेल आन्सरमध्ये ३८. प्रकाशक म्हणाला सर, परत ३८ करा, ३२ हवं तर तळटीपेत घाला. त्यांनी केलं. आणि यंदाच्या पेपर सेटरने मॉडेल आन्सर कुठून घेतलं? सरांच्या पुस्तकातून! म्हणजे पुस्तकात ३८ का, तर परीक्षेत ३८ आहे म्हणून, आणि परीक्षेत का, तर पुस्तकात आहे म्हणून. मला हसू आवरेना, सर मात्र हसले नाहीत.

"लेनिंजर बघ," ते म्हणाले. लेनिंजर म्हणजे त्यांचं दैवत, १९४८ साली युजीन केनेडीबरोबर हे इलेक्ट्रॉनच्या साखळीचं आणि एटीपीचं काम मायटोकॉन्ड्रियात चालतं हे दाखवणारा माणूस, आणि १९७० साली आलेल्या त्या जाडजूड पुस्तकाचा लेखक. "१९८६ ला गेला. पुढे नेल्सन आणि कॉक्स लिहायला लागले, आत ३०-३२ आलं, कव्हरवर नाव अजून त्याचंच. माझ्या पुस्तकाला मी जिवंत असून जमलं नाही."

यावर काय बोलणार. मी गप्प बसले.

मग त्यांनी चीफ मॉडरेटरना गाठलं आणि अर्ध्या तासात ठरलं: हिशोब बरोबर असेल तर ३०, ३२, ३६, ३८ सगळ्याला पूर्ण मार्क. म्हणजे तपासून झालेली बंडलं परत उघडायची! खोलीत जो काही आरडाओरडा झाला विचारू नका, एकाची साताऱ्याची गाडी चुकली, तो माझ्याकडे असा बघत होता की बस. आमच्याच टेबलावर ३२ वाल्या आणखी तीन निघाल्या, एकीला तर शून्य दिलेलं होतं.

शेवटी त्या नवीन मुलीने विचारलं, "सर, एकाने ३४ लिहिलंय, हिशोब काहीच नाही." मला राहवलं नाही, मी म्हटलं सर, गाईच्या एटीपी सिंथेजच्या, म्हणजे एटीपी बनवणाऱ्या एन्झाइमच्या, फिरत्या रिंगमध्ये ८ तुकडे सापडलेत, ३ एटीपीला ८ च प्रोटॉन, तसा हिशोब केला तर ३३-३४ च्या घरात जातं. सरांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"हिशोब आहे का त्याचा? नाही ना? मग शून्य. आणि तू," मला म्हणाले, "ते रिंगचं मला मेल कर, आज इथे काढू नकोस, हे लोक मारतील."